दुकानातला उद्या

दि. ९ फेब्रुवारी

चि. धाकटी,

आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला हे वाक्य इतकं गिरवलंय की पेन कागदाला टेकलं की ते आपोआप उतरतं. खरंखोटं नंतर बघायचं.

मागच्या आठवड्यात तुला फोन केला होता. मी ‘हॅलो’ म्हटलं आणि तू ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिलास. आवाज ओळखल्याशिवाय इतक्या घाईनं राँग नंबर कोणी म्हणत नाही, म्हणून मला उलट बरंच वाटलं. फोन ठेवता येतो, पण पत्र आलं की तू ते उघडणार, हे मला ठाऊक आहे. लहानपणी तू दुसऱ्यांच्या नावची पत्रंसुद्धा उघडायचीस.

बातमी अशी की आपण दुकान आवरायला काढलंय. ‘आपण’ लिहिलं, ते राहू दे. तू इथेच कात्री धरायला शिकलीस, तेव्हा ते तुझंही आहे. बेतायचं मोठं टेबल कोपऱ्यावरचा सुतार न्यायचं म्हणतोय. आरसा कोणाला देववत नाही. त्याच्यासमोर किती नवऱ्या मुली उभ्या राहून गेल्या! आणि एक पायमशीन आहे, डावीकडचं, तुझं. त्याचा पट्टा मी मागच्या वर्षी बदलून घेतला. अजून सुईत दोरा ओवला की कुरकुर न करता चालतं. ते तुला हवंय का, हे विचारायला म्हणून हे पत्र.

दाराला पाटी लावायची होती. मी आपला पुठ्ठा, ब्रश घेऊन बसलो. पहिल्यांदा ‘काही दिवस बंद’ लिहिलं. मग वाटलं, ‘लवकरच सुरू होईल’ असं खाली घालावं, गिऱ्हाइकाला जरा धीर येतो. मग ‘पुढील सूचनेपर्यंत’ सुचलं. त्याला कसा एक सरकारी दरारा आहे. तुझी ताई आतून बघत होती. म्हणाली, “कविराज, नुसतं ‘बंद’ लिहा.”

मी म्हटलं, “नुसतं ‘बंद’ फार तोडल्यासारखं वाटतं गं.”

“मग शिवल्यासारखं कसं वाटेल?” म्हणाली आणि माझ्या हातातला ब्रश घेऊन तिनंच लिहिलं. दोन अक्षरं आणि एक टिंब. अक्षर मात्र छान काढलं.

त्या पाटीपायी मी दुपारभर काउंटरवर बसून राहिलो आणि मन कुठल्या कुठे गेलं. हयातभर तुम्ही दोघी शिवत आलात आणि मी शब्द देत आलो, दुसरं काय केलं मी? मला ना काज येत, ना तुरपाई. तू मला तारीखमास्तर म्हणायचीस, आठवतं? गिऱ्हाईक दारात आलं की तू मशीनवरून मान न उचलता हळूच विचारायचीस, “कुठला उद्या देणार आज?” कारण आपल्याकडे उद्याच्या तऱ्हा होत्या. ‘संध्याकाळी या’ हा सगळ्यात प्रामाणिक. काजं-बटणं तेवढी राहिलेली असायची. साधा ‘उद्या’ म्हणजे कापड बेतलंय, मशीनवर चढायचंय. पण ‘उद्या नक्की’ म्हटलं की तुम्ही दोघी आत तोंड दाबून हसायचात. ‘नक्की’ म्हणजे कापडाला अजून कात्रीच लागलेली नाही! ‘होईल हो’ म्हणजे तुमचं कापड कुठल्या गठ्ठ्यात आहे, मला माहीत नाही. आणि ‘बघू’ म्हणजे नाही. ‘नाही’ हा शब्द काउंटरवर वापरायचा नसतो.

तो बँडवाला आठवतो का, ट्रम्पेट वाजवणारा? त्याच्या कोटाला मी इतके उद्या दिले की शेवटी काउंटरवर कोपर टेकून गंभीरपणे म्हणाला, “तारीखमास्तर, तुमचा हा उद्या कुठल्या महिन्यातला?” ताई हसून हसून बॉबिन शोधायला टेबलाखाली गेली ती बराच वेळ वर आलीच नाही.

शाळेत कवितेच्या तासाला बाई मला उभं करायच्या. माझा आवाज चांगला होता. त्या कवितांतल्या उद्याला नेहमी पहाट असायची. दंवबिंदू, पक्षी, क्षितिज, सगळं पाठोपाठ. मला तेव्हा वाटायचं, उद्या ही एक जागा आहे, गावाबाहेर टेकडीवर कुठेतरी, आणि मोठं झालं की तिथे राहायला जायचं असतं. दुकानात आल्यावर कळलं, इथल्या उद्याला पहाट नसते. गिऱ्हाईक येतं ते दिवस कलायला लागल्यावर.

असो. माझं असंच, सुरुवात मशिनीची आणि शेवट टेकडीवर.

ताईची तब्येत ठीक म्हणायची. थोडी वाळलीय. वय झालं, चालायचंच. या पत्राचं तिला बोललो नाही. बोलेन पुढेमागे.

मशिनीचं कळव.

तुझे भावोजी


दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकटी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, पण तुझ्या हातच्या. ‘मशीन नको. इथे शिवणवर्गात जागा नाही. “ठीक म्हणायची” आणि “चालायचंच” हे काउंटरवरचं बोलणं झालं, ताईला काय झालंय ते लिहा.’

बरोबर आहे. तू आतल्या बाजूला बसून शिकलेली. तुझ्यापुढे हे चालत नाही, मला कळायला हवं होतं.

ताई आजारी आहे. पोटात आहे ते. कळलं तेव्हा पसरलेलं होतं. बघ, हे लिहायला मला दोन पत्रं लागली आणि वाक्यं झाली तीन.

मोठ्या दवाखान्यात जात होतो. तिथली डॉक्टरीण तरुण आहे, गोड आहे, आपल्याकडे कपडे शिवायला आली असती तर ताईनं तिला हौसेनं शिवून दिले असते. पहिल्या वेळी म्हणाली, “औषधं सुरू करू, हळूहळू फरक पडेल.” दुसऱ्या वेळी म्हणाली, “पडेल फरक, थोडा वेळ द्यायला हवा.” तिसऱ्या वेळी रिपोर्ट बघता बघता म्हणाली, “बघू या पुढच्या आठवड्यात.”

तो ‘बघू’ मी लगेच ओळखला. मी स्वतः तो शब्द किती जणांना याच आवाजात दिलाय, धाकटे. मानसुद्धा अशीच खाली घालून. समोरचा माणूस त्या शब्दाला धरून घरी जातो, आणि देणाऱ्याला तो दाराबाहेर पडेपर्यंत तेवढा हवा असतो. मला वाटलं, ताईच्या लक्षात आलं नसावं. मी खुळाच. ती पर्स मांडीवर ठेवून ताठ बसली आणि म्हणाली, “डॉक्टर, मी शिंपीण आहे. गिऱ्हाइकाला सांगतात तसं मला नका सांगू. कारागिराला सांगतात तसं सांगा.”

डॉक्टरीण माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

“म्हणजे काय सांगू?” तिनं विचारलं.

“म्हणजे हातात काम किती घेऊ, ते सांगा.”

त्या पोरीनं रिपोर्ट मिटवून बाजूला ठेवला. मग खुर्ची ओढून ताईच्या जवळ आली आणि म्हणाली, “नवीन काही घेऊ नका. हातातलं आहे ते पुरं करा.”

ताईनं मान हलवली, “हं, हे बोललात,” म्हणाली आणि उठली. जिन्यात माझा दंड धरून उतरताना म्हणते, “चांगली मुलगी आहे. फक्त बोलायला तिला तुमच्याकडे उमेदवारीला ठेवली असेल कोणीतरी.”

मी हसलो. उतरेपर्यंत हसतच होतो बहुतेक. खाली आल्यावर कळलं की रडतोय.

म्हणून दुकान आवरतोय. हातातलं पुरं करायचं म्हणून ती रोज सकाळी थोडी बसते मशिनीवर. एक शाळेचा गणवेश, एक परकर, सुताराच्या सुनेचे दोन झगे. मी कापड पुढे सरकवून देतो. दुखायला लागलं की पाय पायडलवरून काढून घेते आणि नुसती बसते. मी तोवर पुढचा दोरा ओवून ठेवतो.

आता लिहायचं ते लिहितो. मागच्या पत्रापासून त्याच्याभोवती फिरतोय.

परवा दुपारी मी पेपर वाचत होतो. भविष्याचं पान काढून तिला तिची रास मोठ्यानं वाचून दाखवत होतो. प्रवासाचे योग, नवीन ओळखी. हा आमचा जुना चाळा. ती एरवी म्हणते, “भविष्य छापणाऱ्याला शिलाईचं काम द्या, वेळेत देईल.” त्या दिवशी तिनं ऐकलंही नसावं. मशिनीत दोरा नव्हता आणि ती पायडल मारत होती, रिकामंच. मग एकदम म्हणाली, “अहो, आईनं शेवटी माझ्याबद्दल विचारलं असेल का हो?”

मी म्हटलं, “विचारलंच असणार.”

“हे ‘असणार’ नको मला,” ती म्हणाली. “तुम्ही होतात का तिथे? तिथे धाकटी होती.”

पुढे विषय काढला नाही. पण झोपेतसुद्धा ती त्या प्रश्नावरच असते, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

धाकटे, मी त्या दिवशी तुमच्या आईच्या दारात बॅग धरून ताईच्या मागेच उभा होतो. आई गेलेली होती, नेऊनही झालेलं होतं. तू ओसरीवर उभी होतीस, केस मोकळे, आणि म्हणालीस, “तुझ्या उद्याची सवय गिऱ्हाइकांना आहे ताई. आईला नव्हती.” ताईनं पिशवीतून आईसाठी शिवलेला मऊ गाउन आणला होता, तो तिनं पिशवीतून काढलाच नाही. तू म्हणालीस त्यात चूक काही नव्हतं. शाळा उघडायच्या आधीचे दिवस, गणवेशांचा ढीग, तू आईच्या उशाशी बसून फोन करायचीस, ती म्हणायची ‘उद्या निघते’. तिला खरंच निघायचं असायचं. संध्याकाळ झाली की ढीग तेवढाच दिसायचा.

त्यानंतर तुम्ही दोघी बोलला नाहीत. तिनं मला कधी म्हटलं नाही, धाकटीशी भांडण आहे म्हणून. विचारलं की म्हणायची, “बोलू की कधीतरी.” हा ‘कधीतरी’ मी काउंटरवर कधीच वापरला नाही. फारच मोठा शब्द आहे तो. त्यात माणसाचं आयुष्य मावतं.

तुला यायला सांगत नाही. तुझा वर्ग आहे, मुलींच्या परीक्षा असतील. एवढंच कळव, आईनं ताईबद्दल विचारलं होतं का? काय म्हणाली? तिला हे फक्त तूच सांगू शकतेस आणि ती तुला विचारणार नाही. मी विचारतोय, तिच्या नकळत.

यायला सांगत नाही असं वर लिहिलंय. ते खोडत नाही, पण ते खरंही नाही.

तुझे भावोजी


दि. १९ मार्च

चि. धाकटी,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण ते मी खिशात घेऊन हिंडत होतो.

तू लिहिलंस ते असं: आई रोज विचारायची, मोठी कधी येणार. तू रोज सांगायचीस, उद्या येणार आहे. आईचा चेहरा उजळायचा, उशी नीट करून घ्यायची. मग एके दिवशी आईनं विचारायचं थांबवलं. त्यानंतर गेली. ‘मला राग ताई आली नाही याचा नाही भावोजी, मला राग याचा आहे की तो उद्या रोज माझ्या तोंडून गेला. ताईला यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. काउंटर तुमचं आहे.’

काउंटर माझं आहे. हे वाक्य तू टोमणा म्हणून लिहिलंस की विश्वासानं, मला कळेना. दोन्ही असेल.

मी काय केलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको. आधी मी एक छान वाक्य तयार केलं. आई शेवटच्या क्षणापर्यंत तुझ्या वाटेकडे डोळे लावून होती, ओठांवर तुझंच नाव होतं. शाळेत म्हटलं असतं तर बाईंनी पाठ थोपटली असती. ते घोकत मी भाजी आणायला गेलो आणि भाजी न घेताच परत आलो. दवाखान्यातली ती खुर्ची आठवत होती. कारागिराला सांगतात तसं सांगा.

शेवटी एका सकाळी ताई बेतायच्या टेबलाशी बसली होती. सुतारानं टेबल अजून नेलेलं नाही. ती असेपर्यंत नेणार नाही असं तो म्हणाला नाही, पण विचारलं की ‘येतो सवडीनं’ म्हणतो. परकराची शिवण उसवत होती. मी समोर स्टूल घेतलं.

“मी धाकटीला पत्र लिहिलं होतं,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “पोस्टाची तिकिटं तुम्ही लपवता कुठे, तर सुयांच्या डब्यात. काय म्हणते ती?”

“आई रोज तुला विचारायची. धाकटी सांगायची, ताई उद्या येणार आहे.”

तिचा हात थांबला. “मग?”

“मग आईला बरं वाटायचं. उशी नीट करून घ्यायची म्हणे.”

“तिला पटायचं?”

“पटायचं.”

ती परत उसवायला लागली. मला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं. थोड्या वेळानं वर न बघता म्हणाली, “शेवटपर्यंत विचारत होती?”

माझ्याजवळ ते वाक्य होतं, धाकटे. अगदी जिभेवर होतं. एका ‘हो’चं काम होतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं.

“कविराज, मी काहीतरी विचारलं.”

“नाही,” मी म्हटलं. “शेवटी शेवटी विचारायची थांबली होती.”

तिनं मान डोलावली. एखादं माप आपल्या अंदाजाप्रमाणेच निघालं की डोलावते तशी. म्हणाली, “वाटलंच मला. गिऱ्हाईकसुद्धा असंच करतं. रोज येऊन भांडतं तोवर आपलं असतं. विचारायचं थांबलं की समजावं, दुसरीकडे गेलं.”

आणि मग रडली. मी तिला इतकं रडताना तुमच्या आईच्या दारातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, तर तशाही हुंदक्यात म्हणाली, “जपून, टाचण्या आहेत.”

हे तुला लिहायचं राहिलंच. ती फार बारीक झालीय. अंगावरचा एकही कपडा बसत नाही. ढगळ कपडा घालून बसायचं म्हणजे तिच्या जिवाला किती लागत असेल, तूच विचार कर. म्हणून सकाळी आंघोळ झाली की ती माझ्याकडे पाठ करून उभी राहते आणि मी पाठीला घडी घालून टाचण्या लावून देतो. सरळ लागत नाहीत. रोज बोलणी खातो.

डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, “कागद घ्या. मी सांगते ते लिहा. तुमचं काही घालू नका त्यात.” तेव्हा आता पुढचं तिचं आहे.

‘धाकटे, तू आईला माझ्या वतीनं रोज जो उद्या दिलास तो माझा होता. तुझ्या तोंडून गेला तरी माझाच होता. तो तू इतकी वर्षं स्वतःचा समजून वागवलास, ते सोडून दे. शहाणी असून असं कसं केलंस? दुसऱ्याचं कापड आपल्या गठ्ठ्यात ठेवू नये, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

‘तू म्हणालीस ते बरोबर होतं. मला ते तेव्हाच बरोबर वाटलं होतं. म्हणून तर बोलायला तोंड नव्हतं.

‘दुसरं असं, माझे कपडे मला ढगळ झालेत. आपलं माप आपल्याला घेता येत नाही, हे तुला माहीत आहे. यांना टेप दिला तर हे त्याच्यावर कविता करतील. चौकातल्या त्या नव्या टेलरकडे जायची मला लाज वाटते, आणि त्याची बाही बरोबर बसत नाही. माझे खांदे तुझ्या हाताला माहीत आहेत. तू येऊन आत घे. तीनच कपडे आहेत, जास्त लागणार नाहीत.

‘शिवणीत कापड सोडू नकोस. कापून टाक.’

तू जाणतेस, मी का लिहायचा थांबलो होतो इथे. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवायचो. मोठ्यांच्यासुद्धा शिवणीत ती बोटभर कापड आत ठेवायचीच. कोणी विचारलं की म्हणायची, राहू दे, पुढे सैल करायला लागेल. कात्री हातात घेतल्यापासून तिनं एकाही शिवणीतलं जादा कापड कापलेलं मी पाहिलेलं नाही. तो शेवटचा भाग मी कागदावर उतरवलाच नाही. ‘जास्त लागणार नाहीत’ इथे पूर्णविराम देऊन पेन मिटवलं.

“वाचून दाखवा,” म्हणाली.

दाखवलं.

“शेवटचं कुठाय?”

“राहिलं वाटतं.”

“राहिलं नाही, तुम्ही ठेवलं. लिहा.”

तिच्या डोळ्यांसमोर लिहिलं. म्हणून अक्षर वाकडं आलंय.

मी विचारलं, “कधी ये म्हणून लिहू?”

“काही लिहू नका. तारीख मागू नका तिच्याकडे.”

“अगं, पण नुसतं ये म्हटलं तर ती कधीही...”

“तारीख दिली की मी वाट बघायला लागेन,” ताई म्हणाली. “आईनं बघितली तेवढी पुरे.”

तेव्हा धाकटे, मी तारीख मागत नाही. हयातीत पहिल्यांदाच बिनतारखेचं काम पाठवतोय. तुझ्या वर्गाच्या परीक्षा असतील, वरिष्ठ रजा देत नसतील, गाडीला गर्दी असेल. मला सगळं माहीत आहे, आणि ‘उद्या निघते’ असं तू मनापासून म्हणशील हेही माहीत आहे. म्हणू नकोस एवढंच. फोनसुद्धा करू नकोस. दुकानाचं दार आतून लावलेलं नसतं, नुसतं लोटलेलं असतं. ‘बंद’ लिहिलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. येताना आपली कात्री आण, इथल्या कात्रीची धार गेलीय आणि ताईला आता दुसऱ्याच्या हातात ती द्यायला आवडत नाही.

डॉक्टरीण काल घरी येऊन गेली. बोलावलं नव्हतं. ताईचा हात हातात घेऊन बसली, पुढच्या आठवड्याचं काही बोलली नाही. जाताना मला जिन्यात म्हणाली, “काका, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा.” तिनं ते किती सरळ म्हटलं! मी तिची बॅग घेऊन खाली रस्त्यापर्यंत गेलो.

ताई आता डोळे मिटून पडलीय. गणवेश पुरा झाला, झगे पुरे झाले, परकराची एक बाजू राहिलीय. उठली की पहिल्यांदा विचारील, पत्र टाकलं का. तिला ‘टाकतो’ म्हणायचं नाही मला. पेटी उघडायला पोस्टाचा माणूस यायच्या आत पोचायला हवं, म्हणून इथेच थांबतो. चपला घालूनच लिहायला बसलो होतो.

ताईनं वाट बघायची नाही असं ठरवलंय. मी तसं काही ठरवलेलं नाही.

तुझे भावोजी